बालसंगोपन आणि इंटरनेट : कोणाचे ऐकावे?

घरात बाळ जन्माला येते तेव्हा आनंदाबरोबर अनेक प्रश्नही जन्माला येतात. बाळ रात्री का रडते? त्याला दूध पुरते की नाही? शेजारचे बाळ बसू लागले, मग आपले अजून का बसत नाही? पूर्वी या प्रश्नांची उत्तरे आजी देत असे, सुईण देत असे, गावचा डॉक्टर देत असे. आज कुटुंबे लहान झाली आहेत. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण जोडपी नोकरीनिमित्त आखाती देशांत, कॅनडात किंवा दूरच्या शहरांत राहतात. रात्री दोन वाजता बाळाला ताप आला की आईच्या हाताशी असतो तो मोबाईल. ती त्यात प्रश्न लिहिते आणि क्षणार्धात शेकडो उत्तरे तिच्यासमोर येतात.

यात गैर काहीच नाही. माहितीची ही साधने मानवाला लाभलेल्या बुद्धीची फळे आहेत आणि ख्रिस्तसभेनेही त्यांचे वेळोवेळी स्वागत केले आहे. परंतु इंटरनेटवर बालरोगतज्ज्ञाचा सल्ला, दूध पावडरच्या विक्रेत्याची जाहिरात आणि कोणा अनोळखी माणसाची अफवा एकाच रांगेत, एकाच आकाराच्या अक्षरांत उभी असतात. त्यांतील खरे कोणते, हे ओळखण्याचे काम पालकांवर येऊन पडते. ते कसे करावे, याविषयी आपण या लेखात विचार करू.

दोन धोके : खोटी भीती आणि खोटा दिलासा

चुकीची माहिती दोन प्रकारे घात करते. पहिला प्रकार खोट्या भीतीचा. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधले आहे. १९९८ साली 'द लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने व त्याच्या सहकाऱ्यांनी केवळ १२ मुलांवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस व स्वमग्नता यांचा काही संबंध असावा, असा संशय त्यातून पसरला. पुढे उघड झाले की, लस बनविणाऱ्या कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळाले होते आणि ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली होती. २०१० साली 'लॅन्सेट'ने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमधील ६ लाख ५७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असा कोणताही संबंध आढळला नाही. तरीही तो जुना संशय आजही आपल्या मोबाईलवर नवीन बातमी म्हणून येत राहतो.

ही भीती आपल्या राज्यातही पोहोचली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशांमुळे काही पालकांच्या मनांत शंका निर्माण झाल्या. चार वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस, मुंबईत गोवराची साथ आली आणि बालकांचे प्राण गेले. लस चुकण्यामागे गरिबी, स्थलांतर व करोनाकाळात खंडित झालेले लसीकरण अशी अनेक कारणे होती. परंतु गोवर हा जीव घेऊ शकणारा रोग आहे आणि लस न मिळालेली मुले त्याला सर्वांत आधी बळी पडतात, हे त्या साथीने पुन्हा एकदा दाखवून दिले.

मुलांविषयीची खोटी भीती किती भयंकर रूप घेऊ शकते, हे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातील ५ निरपराध माणसांना ठार मारले. त्या वर्षी देशभर फिरलेली अपहरणाची एक चित्रफीत प्रत्यक्षात पाकिस्तानात मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनविलेली होती. खुलासा करणारा तिचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. तो संदेश पुढे पाठविणाऱ्या अनेकांना आपण मुलांचे रक्षणच करीत आहोत असे वाटले असेल.

दुसरा प्रकार खोट्या दिलाशाचा. तो फारसा गाजत नाही, परंतु आपल्या घरांत तोच अधिक आढळतो. दोन वर्षांचे मूल बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही. आई काळजीने शोध घेते आणि कुठेतरी तिला वाचायला मिळते की, मुलगे उशिराच बोलतात, थोर शास्त्रज्ञही उशिरा बोलले होते, काळजी करू नका. घरातील वडीलधारी मंडळीही सांगतात, "त्याचा बापसुद्धा तिसऱ्या वर्षी बोलला." आई निश्चिंत होते आणि एक वर्ष निघून जाते. मुलाला कमी ऐकू येत असेल किंवा स्वमग्नतेची लक्षणे असतील, तर हेच वर्ष उपचारासाठी सर्वांत मोलाचे असते. गेलेले वर्ष कोणतेही संकेतस्थळ परत देऊ शकत नाही.

विकासाचे टप्पे कसे वाचावेत?

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो, हे खरे आहे. परंतु त्या वेगळेपणालाही सीमा आहेत आणि त्या सीमा अभ्यासाने ठरविल्या गेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ६ देशांतील निरोगी मुलांची पाहणी केली. भारतातील मुले दिल्लीची होती. त्या पाहणीनुसार मुले आधाराशिवाय ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान बसू लागतात आणि ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे चालू लागतात. म्हणजे शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले आणि आपले पंधराव्या महिन्यात चालले, तर दोन्ही बाळे ठीक आहेत. काही निरोगी मुले तर रांगतच नाहीत, एकदम उभी राहतात. मात्र १८ महिने पूर्ण होऊनही मूल चालत नसेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

यावरून चांगल्या माहितीची एक खूण लक्षात येते. ती एकच तारीख सांगत नाही. ती आरंभाची व अखेरची मर्यादा सांगते आणि ती मर्यादा ओलांडली तर कोणाकडे जावे, हेही सांगते. "आठव्या महिन्यात रांगलेच पाहिजे" असे म्हणणारे पान पालकांना उगाच घाबरविते. "सर्व मुले आपापल्या वेळी सर्व काही करतात" असे म्हणणारे पान पालकांना झोपविते. दोन्ही टाळावीत.

पुढील गोष्टींसाठी वाट पाहू नये, याविषयी बालरोगतज्ज्ञांत एकमत आहे. १२ महिन्यांपर्यंत मूल बडबडत नाही, बोट दाखवीत नाही किंवा टाटा करीत नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द उच्चारीत नाही. २४ महिन्यांपर्यंत दोन शब्द आपणहून जोडून बोलत नाही. अथवा कोणत्याही वयात पूर्वी येत असलेले बोलणे किंवा मिसळणे हरवून बसते. यांतील एक जरी खूण दिसली, तरी श्रवणाची व विकासाची तपासणी करून घ्यावी. तपासणीत सर्व ठीक निघाले तर फक्त एक दिवस गेला असे समजावे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. अन्यथा आईवडील विनाकारण चिंतेत पडतात.

माहितीची पारख : चार प्रश्न

संत पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना सर्व गोष्टींची पारख करून जे चांगले ते धरून ठेवण्यास सांगतो. इंटरनेटवरील कोणतेही पान वाचताना आपण चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हे कोण सांगत आहे? लेखक किंवा संस्था कोण, याची माहिती त्या संकेतस्थळावर असायलाच हवी. भारत सरकार व राज्य सरकार यांच्या अधिकृत संकेतस्थळांचे पत्ते सामान्यतः 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' यांवर संपतात. 'इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स' ही आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटना १९६३ साली स्थापन झाली आणि तिने पालकांसाठी खास मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची पानेही उपयुक्त आहेत. मराठी वाचकांसाठी 'विकासपीडिया' या संकेतस्थळाचा मराठी विभाग आहे. काही जुन्या पानांवर 'हॉन कोड' नावाची विश्वासार्हतेची मुद्रा आढळते. ती देणाऱ्या जिनिव्हाच्या संस्थेचे काम २०२२ साली बंद झाले, त्यामुळे आता त्या मुद्रेवर विसंबू नये.

दुसरा प्रश्न : हे का सांगत आहे? शोधाच्या यादीत वरच्या बाजूला 'प्रायोजित' असे लिहिलेल्या ओळी जाहिराती असतात. लेखाच्या शेवटी एखादे टॉनिक, पावडर किंवा महागडा अभ्यासक्रम विकत घेण्याचा आग्रह असेल, तर तो लेख विक्रेत्याने लिहिला आहे असे समजावे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानुसार आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या दुधाची व दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास बंदी आहे आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या तयार अन्नालाही ती लागू झाली. मग एखादी प्रसिद्ध 'मॉम' आपल्या चित्रफितीत अमुक डब्याचे गुणगान करीत असेल, तर आपण सावध व्हायला हवे. पहिले ६ महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे व पुढेही स्तनपान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यातून कोणाच्याही खिशात पैसा जात नाही.

तिसरा प्रश्न : हे कोणत्या देशासाठी व केव्हा लिहिले आहे? माहिती खरी असूनही आपल्यासाठी चुकीची असू शकते. अमेरिकेच्या वेळापत्रकात गोवराच्या लसीचा पहिला डोस बारा महिन्यांनंतर दिला जातो. आपल्याकडे राष्ट्रीय वेळापत्रकानुसार तो ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण येथे गोवर लहान वयातच गाठतो. अमेरिकेत बीसीजीची लस सरसकट देत नाहीत. आपल्याकडे ती जन्मतःच देतात. परदेशी पान वाचून येथील लस पुढे ढकलणारी आई चुकीच्या हेतूने वागत नाही, परंतु बाळाला मात्र धोक्यात टाकते. परदेशात राहणाऱ्या आपल्या बांधवांनी याच न्यायाने त्या त्या देशाचे वेळापत्रक पाळावे आणि येथील लसीकरणाचे कार्ड तेथील डॉक्टरांना दाखवावे.

चौथा प्रश्न : दुसरे विश्वसनीय ठिकाण हेच सांगते का? एकाच नावावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, याचा धडा अलीकडेच मिळाला. अमेरिकेच्या 'सीडीसी' या सरकारी संस्थेचे संकेतस्थळ जगभरचे पालक प्रमाण मानीत आले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या संस्थेने लस व स्वमग्नता यांविषयीच्या पानावरील मजकूर बदलला आणि जुना, खोटा ठरलेला संशय पुन्हा उकरून काढला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याचा निषेध केला. मोठ्या संस्थेवरही राजकारणाची सावली पडू शकते. म्हणून निदान दोन-तीन स्वतंत्र ठिकाणी तीच गोष्ट आढळते का, हे पाहावे.

आता संगणकीय बुद्धिमत्ता प्रश्नाला थेट उत्तर लिहून देते. ते उत्तर सुबक व आत्मविश्वासपूर्ण असते, परंतु ते चुकीचेही असू शकते आणि त्याला आपले बाळ दिसत नाही. औषधाची मात्रा तर अशा उत्तरावरून कधीही ठरवू नये. बाळाच्या औषधाची मात्रा त्याच्या वजनावर अवलंबून असते.

आजीचे ज्ञान आणि नवे ज्ञान

इंटरनेटवरील काही पाने परंपरेच्या प्रत्येक गोष्टीला वेडगळ ठरवितात, तर काही प्रत्येक जुन्या रीतीला शास्त्राचा शिक्का मारतात. खरे पाहता आजीच्या ज्ञानात पुष्कळ सोने आहे. बाळाला हळुवार मालीश करणे, अंगाई म्हणणे, सतत त्याच्याशी बोलणे, बाळंतिणीला विश्रांती देणे या गोष्टींचे मोल आजचे तज्ज्ञही मानतात. परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातील जंतूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पहिल्या ६ महिन्यांत बाळगुटी किंवा ग्राइप वॉटर देऊ नये. डोळ्यांत काजळ घालू नये, कारण त्यात शिसे असू शकते. नाकात तेल सोडू नये, कारण ते फुप्फुसांत उतरते. ही गोष्ट घरात सांगताना आजीचा मान राखून सांगावी. तिने ज्या प्रेमाने आपल्याला वाढविले, त्या प्रेमाला कोणत्याही नव्या माहितीने कमीपणा येत नाही.

बाळाला शांत ठेवण्यासाठी मोबाईल हातात देण्याची नवी रीत मात्र ना आजीची आहे, ना तज्ज्ञांची. दोन वर्षांखालील मुलांना आप्तांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यापुरता अपवाद वगळता पडदा दाखवू नये आणि २ ते ५ वर्षे वयाच्या मुलांसाठी तो दिवसाला जास्तीत जास्त एक तास असावा, असे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने सुचविले आहे. 'मुलांना शिकविणारी' म्हणून विकली जाणारी अ‍ॅपही या नियमातून सुटत नाहीत.

श्रद्धेच्या नावाने येणारे संदेश

आम्हां कॅथॉलिकांकडे काही संदेश धर्माची वस्त्रे पांघरून येतात. त्यांपैकी एक असा की, रुबेलाची लस गर्भपातातील पेशींपासून बनते, म्हणून ती घेणे पाप आहे. यात सत्याचा एक अंश आहे. ही लस ज्या पेशींवर वाढविली जाते, त्या पेशींचा मूळ वंश १९६० च्या दशकात गर्भपात झालेल्या गर्भांपासून घेतला गेला होता. त्यानंतर प्रयोगशाळेत त्याच पेशी वाढविल्या जात आहेत. लसीसाठी नवे गर्भपात केले जात नाहीत. व्हॅटिकनच्या जीवनविषयक परमगुरुपीठीय अकादमीने २००५ साली या प्रश्नाचा सखोल विचार केला आणि २०१७ साली स्पष्ट केले की, पालकांनी स्वच्छ सद्सद्विवेकबुद्धीने या लसी घ्याव्यात. त्यायोगे गर्भपाताशी सहकार्य होत नाही. मुलांचे आणि इतर दुर्बलांचे रक्षण करण्याची नैतिक जबाबदारीही तिने अधोरेखित केली. रुबेलाचा संसर्ग गर्भवती स्त्रीला झाला, तर पोटातील बाळाचे डोळे, कान व हृदय यांना इजा होऊ शकते किंवा गर्भ दगावू शकतो. म्हणजे ही लस न जन्मलेल्या बाळांचेही रक्षण करते. जो संदेश अर्धेच सांगतो, तो जीवनाचा कैवार घेत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातम्यांविषयी लिहिताना उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पाची आठवण करून दिली होती. सर्पाने हव्वेला सरळ खोटे सांगितले नाही. त्याने सत्यात थोडे असत्य मिसळले आणि तिच्या हिताची काळजी असल्याचा आव आणला. मोबाईलवर आलेला निरोप पुढे पाठविण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी. ज्याची खात्री नाही, ते पुढे न पाठविणे हे शेजाऱ्यावरील प्रेमाचेच कृत्य आहे.

पडद्याकडून माणसाकडे

चांगल्या माहितीची शेवटची आणि मोठी कसोटी ही की, ती आपल्याला माणसाकडे पाठविते. आपल्या गावची अंगणवाडी, आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांना आपण कमी लेखतो. गरोदरपणी मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर लसींबरोबर बाळाच्या विकासाचे टप्पेही दिलेले असतात, परंतु बहुतेक घरांत ते कपाटात पडून राहते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व सरकारी शाळांमधून मोफत तपासणी होते आणि विकासात विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. बाळंतपणानंतर आईचे मन सतत उदास राहत असेल, तर 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. संकटात सापडलेल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

धर्मग्रामातही पुष्कळ करता येईल. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात कोणी डॉक्टर, परिचारिका, बालवाडीची शिक्षिका असतेच. स्नानसंस्काराच्या तयारीसाठी आईवडील व धर्ममातापिता एकत्र येतात, तेव्हा अर्धा तास बाळाच्या वाढीसाठी का देऊ नये? विकासाच्या टप्प्यांचा एक तक्ता चर्चच्या फलकावर का लावू नये? ज्या घरात मूल उशिरा बोलते किंवा वेगळे वागते, त्या आईवडिलांना सल्ल्यांचा मारा नको असतो. तपासणीला जाताना कोणी सोबत यावे, रांगेत बाळाला थोडा वेळ धरावे, मिस्साच्या वेळी मूल ओरडले तर कोणी वळून रागाने पाहू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

नासरेथच्या घरात बाल येशू शरीराने व बुद्धीने वाढला, देवाला आणि लोकांना प्रिय होत गेला, असे संत लूक नमूद करतो. बालकाची वाढ अशी सर्वांगीण असते. तोच संत लूक असेही सांगतो की, यरुशलेमच्या वाटेवर बारा वर्षांचा येशू दिसेनासा झाला, तेव्हा मरिया व योसेफ यांनी आधी नातलगांत आणि ओळखीच्या लोकांत शोध केला आणि तो तेथे सापडला नाही म्हणून ती दोघे मागे फिरली. तो कुठेतरी असेल, येईल आपोआप, असे म्हणून ती स्वस्थ बसली नाहीत. आपल्या मुलांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपणांसही तीच तळमळ, तोच विवेक आणि योग्य दारापर्यंत चालत जाण्याचे तेच धैर्य पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.